जगभरातले महाकाय कॅसिनो रिसॉर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅसिनोचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं बोलू लागतात. एकाला सगळं मायाजाल वाटतं, दुसऱ्याला 'सिस्टीम' माहीत असते. खालची उत्तरं या दोघांच्या मधल्या लोकांसाठी आहेत. म्हणजे ज्यांना तिथे एकदा चक्कर मारायची आहे, किंवा जायचं नाही पण हा एवढा डोलारा चालतो कसा याचं कुतूहल आहे, त्यांच्यासाठी.

कॅसिनो आणि कॅसिनो रिसॉर्ट यांत नेमका फरक काय?

कॅसिनो म्हणजे जुगाराची जागा. रिसॉर्ट म्हणजे त्या जागेभोवती वसवलेलं गाव. हॉटेलच्या हजारो खोल्या, मॉल, नाट्यगृह, अधिवेशनाची सभागृहं, पोहण्याचे तलाव, डझनावारी रेस्टॉरंट, आणि या सगळ्याच्या मधोमध खेळाचा मजला. अनेक ठिकाणी लिफ्टपासून नाश्त्यापर्यंत जायचं तरी वाट या मजल्यावरूनच जाते, आणि तो योगायोग नसतो.

आकाराचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. चीनच्या अखत्यारीतल्या मकावमधलं 'द व्हेनेशियन' २००७ साली उघडलं. त्याचं एकूण क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ५ लाख चौरस फूट आहे. आत तीन कालवे आहेत, त्यांत गोंडोला चालतात, वर कायम संध्याकाळच्या उंबरठ्यावर थांबलेलं रंगवलेलं आकाश आहे. आणि जुगाराचा मजला? जगातल्या सर्वांत मोठ्या मजल्यांपैकी एक असूनही तो एकूण जागेच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढा.

'इंटिग्रेटेड रिसॉर्ट' (आयआर) हा सभ्य शब्द रुळवण्याचं श्रेय सिंगापूरला द्यावं लागेल. तिथल्या सरकारने २००५ साली कॅसिनोला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा देशात बराच वाद झाला. 'कॅसिनो' म्हटलं की भुवया उंचावतात, 'आयआर' म्हटलं की पर्यटन आणि रोजगार डोळ्यांसमोर येतात. जपाननेही पुढे हाच शब्द उचलला.

एवढीशी जागा बाकी सगळ्याचा खर्च कशी उचलते?

हे शहरावर अवलंबून आहे. मकाव आणि सिंगापूरमध्ये खेळाचा मजलाच कमावता मुलगा आहे, बाकीचं कुटुंब त्याच्या जिवावर झगमगतं. सिंगापूरच्या 'मरीना बे सँड्स'चे तीन ५५ मजली मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर आडवं ठेवलेलं ३४० मीटर लांबीचं स्काय पार्क जगभर फोटोंतून पोचलं आहे. मूळ परवान्यात कॅसिनोला मात्र जास्तीत जास्त १५,००० चौरस मीटर जागा होती, म्हणजे संकुलाच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर. तरीही उत्पन्नाचा बहुतांश भाग तिथूनच येतो.

लास वेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे रिसॉर्टांची रांग असलेल्या मुख्य रस्त्यावर, उलटं आहे. गेली वीसेक वर्षं तिथली मोठी रिसॉर्ट जुगारापेक्षा खोल्या, जेवण, दारू आणि शो यांतून जास्त कमावतात. एके काळी तिथे जेवण जवळजवळ फुकट असायचं, कारण माणूस टेबलाशी बसला की वसुली व्हायची. आता जेवणाचं बिल पाहूनच घाम फुटतो.

हे सगळं सुरू कुठे झालं? तो बग्सी सीगल नावाचा गुंड खरा जनक ना?

नाही, पण गोष्ट चांगली असल्यामुळे ती टिकली. स्ट्रिपवरचं पहिलं रिसॉर्ट 'एल रँचो वेगास', १९४१ सालचं. लास वेगास ज्यात येतं त्या नेवाडा राज्याने जुगार १९३१ सालीच कायदेशीर केला होता. सीगलचं 'फ्लेमिंगो' २६ डिसेंबर १९४६ ला उघडलं तेव्हा खोल्यासुद्धा तयार नव्हत्या. पाहुणे त्याच्याकडे जिंकायचे आणि झोपायला, म्हणजे खर्च करायला, दुसऱ्या हॉटेलात जायचे. फ्लेमिंगो काही आठवड्यांत बंद करून पुन्हा उघडावं लागलं आणि जून १९४७ मध्ये सीगलचा खून झाला. खोल्या आणि टेबलं एकाच छपराखाली का हवीत, याचा इतका महागडा धडा दुसरा नसेल.

खरी मुळं त्याच्याही मागे, मोनॅकोत आहेत. तिथल्या राजघराण्याकडे पैसा नव्हता. १८६३ साली फ्रान्स्वा ब्लांक या कॅसिनोचालकाला मक्ता दिला, त्याने कॅसिनोबरोबर हॉटेलं आणि बागा उभ्या केल्या, आणि १८६९ पासून संस्थानाने आपल्या नागरिकांचा आयकरच काढून टाकला. एका टेकडीवरच्या पाहुण्यांच्या खिशातून अख्खं राज्य चालू शकतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

आजच्या अर्थाने 'महाकाय' रिसॉर्टची सुरुवात मात्र नोव्हेंबर १९८९ ची. स्टीव्ह विन या कॅसिनो उद्योजकाने लास वेगासमध्ये ६३ कोटी डॉलर खर्चून 'मिराज' उभं केलं आणि रस्त्याकडेला एक ज्वालामुखी बसवला, संध्याकाळी ठरल्या वेळी उसळणारा. जुगार न खेळणारी माणसंही बघायला थांबली. त्यानंतर पिरॅमिड, किल्ला, आयफेल टॉवर अशा रूपांतल्या रिसॉर्टांची रांगच लागली. मिराज जुलै २०२४ मध्ये बंद झालं, ज्वालामुखीसकट.

लास वेगास स्ट्रिप लास वेगासमध्ये नाही, हे खरं का?

बहुतांशी खरं. प्रसिद्ध रिसॉर्टांचा मोठा भाग शहराच्या हद्दीबाहेर, 'पॅराडाइज' नावाच्या वस्तीत येतो. कराचा हिशेब आला की नकाशाला फार महत्त्व येतं.

मोठं कोण, वेगास की मकाव?

जुगाराच्या उत्पन्नात मकावने २००६ साली स्ट्रिपला मागे टाकलं आणि २०१३ पर्यंत ते सुमारे सातपट झालं. त्या वर्षी मकावच्या कॅसिनोंनी ३६० अब्ज पटाका (तिथलं चलन) कमावले. महासाथीच्या काळात, २०२२ साली, तोच आकडा ४२ अब्जांवर आला. २०२४ मध्ये तो पुन्हा २२६ अब्जांच्या वर गेला. एका धंद्यावर उभ्या असलेल्या गावाचं काय होतं, ते या तीन आकड्यांत दिसतं.

मकावमध्ये १८४७ पासून जुगार कायदेशीर आहे, म्हणजे पोर्तुगीज अमलापासून. १९६२ पासून चाळीस वर्षं स्टॅन्ली हो यांच्या कंपनीची मक्तेदारी होती. ती उठली आणि २००४ साली पहिलं अमेरिकन कॅसिनो 'सँड्स मकाव' उघडलं. मग ताइपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र बुजवून कोताई नावाची जमीन तयार केली आणि तिच्यावर एकामागोमाग एक रिसॉर्ट चढली. आज सहा परवानाधारक आहेत, त्यांचे नवे करार १ जानेवारी २०२३ पासून दहा वर्षांचे आहेत, आणि उत्पन्नावर एकूण कर सुमारे ४० टक्के. नेवाडात वरचा दर ६.७५ टक्के आहे. तरीही कंपन्या मकावला रांग लावतात.

खेळणाऱ्यांतही फरक आहे. अमेरिकन मजल्यावर स्लॉट यंत्रांचं, म्हणजे पैसे लावून बटण दाबायच्या यंत्रांचं, जंगल दिसतं. मकावमध्ये बॅकारा हा पत्त्यांचा खेळ हाच देव. तिथे टेबलाशी जरा वेळ उभं राहावं. पत्ता उलटा पडलेला असतो. ज्याने मोठी रक्कम लावली तो दोन्ही अंगठ्यांनी पत्त्याची कड इंचाइंचाने वर वळवतो. बाजूला किती खुणा दिसतात ते बघतो, मधूनच पत्त्यावर फुंकर मारतो, जणू नको असलेला ठिपका उडून जाईल. मागची माणसं श्वास रोखून असतात. पत्ता चुरगळतो, म्हणून तो पुन्हा वापरत नाहीत, थेट रद्दीत टाकतात. पत्ता छापला गेला त्या क्षणी जे व्हायचं ते ठरलेलं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी फुंकर मारतातच.

'जंकेट' म्हणजे काय?

बड्या खेळाडूंना आणणारे दलाल. चीनमधून पैसा बाहेर नेण्यावर मर्यादा आहे आणि तिथे जुगाराचं कर्ज कोर्टातून वसूल होत नाही. मग दलाल गिऱ्हाइकाला उधारीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, द्यायचा, वसुली स्वतः करायचा आणि कॅसिनोकडून कमिशन घ्यायचा. भरभराटीच्या काळात मकावचं अर्ध्याहून जास्त उत्पन्न या बंद दाराआडच्या व्हीआयपी खोल्यांतून येत होतं. यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा, 'सनसिटी'चा प्रमुख अल्विन चाऊ याला नोव्हेंबर २०२१ मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा. आता तिथला भर सर्वसाधारण पर्यटकांवर आहे.

कॅसिनो फसवणूक करतं का? मग ते कायम जिंकतं कसं?

परवानाधारक मोठ्या कॅसिनोला फसवणुकीची गरजच नसते. रूलेटचं चाक घ्या. फिरत्या चाकात गोळी कुठल्या खान्यात पडते, त्यावर पैसे लावायचे. युरोपियन चाकात ३७ खाने असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. तुमचा आकडा आला तर मिळतात ३५ पट. सरळ हिशेबाने ३६ पट मिळायला हवेत. तो एकाचा फरक म्हणजे कॅसिनोची कमाई, २.७ टक्के. अमेरिकन चाकात दोन शून्यं असतात, मोबदला तोच, म्हणून ५.२६ टक्के. आता वेगासमध्ये तीन शून्यांची चाकंही दिसतात. तिथे ७.६९ टक्के. नवख्याला वाटतं, एक घर वाढलं तर काय बिघडलं!

यालाच 'हाऊस एज' म्हणतात. एका डावात कोण जिंकेल ते कुणालाच सांगता येत नाही. लाखो डावांत मात्र थेंबे थेंबे तळे साचतं आणि ते तळं कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं. माझ्या मते कॅसिनोचा धंदा नशिबाचा नाहीच, वेळेचा आहे. तुम्ही किती तास बसता, तासाला किती डाव होतात, एवढंच त्यांना पाहायचं असतं. या पानावरची निम्मी उत्तरं फिरून याच गोष्टीपाशी येतात.

मग कमी तोट्याचा खेळ कोणता?

ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ, जर कुठल्या हातावर काय करायचं याचा तक्ता पाठ असेल तर. चांगल्या नियमांवर कॅसिनोची आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पण टेबलावर काय छापलंय ते बघा. '३ ला २' असेल तर दहा डॉलरवर ब्लॅकजॅकचे (पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाल्याचे) पंधरा मिळतात, '६ ला ५' असेल तर बारा. हा बदल एकटाच आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढवतो. बॅकारामध्ये 'बँकर' आणि 'प्लेयर' अशा दोन बाजू असतात, कुठली जिंकेल त्यावर पैसे लावायचे. 'बँकर'वर १.०६ आणि 'प्लेयर'वर १.२४ टक्के. बरोबरीवर पैसे लावू नका, तिथे १४ टक्क्यांच्या वर जातात.

स्लॉटबद्दल एक हिशेब करून दाखवतो. समजा एक माणूस रूलेटवर प्रत्येक डावाला दहा डॉलर लावतो. तासाला चाळीस डाव होतात, दोन शून्यांचं चाक आहे. चारशे डॉलर फिरले, सरासरी तोटा २१ डॉलर. शेजारी त्याची बहीण 'नुसती टाइमपास' म्हणून स्लॉटवर एकेक डॉलर लावते. बटण दाबायला वेळ लागत नाही, तासाला सहाशे वेळा सहज होतं. यंत्राचा वाटा ८ टक्के धरला तर तिचा तोटा ४८ डॉलर. छोटा जुगार खेळणारी मोठी रक्कम घालवून उठते. नेवाडाच्या नियमाने यंत्राने दीर्घकाळात किमान ७५ टक्के परत द्यायला हवेत. प्रत्यक्षात यंत्रं याहून बरीच जास्त परत देतात, पण ढोबळ नियम असा की जितक्या छोट्या नाण्याचं यंत्र तितका त्याचा वाटा मोठा.

रूलेटवर लागोपाठ दहा वेळा लाल आलं, आता काळं येणारच ना?

१८ ऑगस्ट १९१३ ला मोनॅकोच्या माँटे कार्लोत काळं लागोपाठ २६ वेळा आलं. पंधराव्या वेळेनंतर लोक लालवर तुटून पडले, रकमा दुप्पट-चौपट करत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला स्मरणशक्ती नसते. 'मला वाटलंच होतं' असं सांगणाऱ्याचं म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

खोली फुकट दिली, जेवण फुकट दिलं. यात त्यांचा काय फायदा?

आवळा देऊन कोहळा काढणे. तुम्ही सदस्यत्वाचं कार्ड यंत्रात घातलंत किंवा टेबलावर दिलंत की तिकडे हिशेब सुरू होतो: सरासरी किती लावता, तासाला किती डाव, किती तास, आणि त्या खेळाची टक्केवारी. चारही गुणले की तुमचा 'अपेक्षित तोटा' निघतो. त्याचा ठराविक भाग पाहुणचाराच्या रूपात परत देतात. तुम्ही त्या दिवशी जिंकलात की हरलात याला फारसं महत्त्व नसतं. जिंकलेल्याला तर जास्तच आग्रहाने थांबवतात.

वरच्या उदाहरणातला रूलेटवाला चार तास बसला तर अपेक्षित तोटा ८४ डॉलर. चौथा हिस्सा परत द्यायचा ठरवला तर वीस डॉलरचं जेवण. तो घरी जाऊन सांगतो, 'जेवण फुकट होतं.'

घड्याळं नसतात, खिडक्या नसतात, हवेत ऑक्सिजन सोडतात. खरं काय?

ऑक्सिजनची अफवा आहे, आणि धोकादायक अफवा. ऑक्सिजन वाढवला तर आग भडकते. सिगारेटी पेटलेल्या हॉलमध्ये असला उद्योग कुठली विमा कंपनी चालू देईल?

घड्याळांचं बरंचसं खरं आहे. जुन्या पद्धतीत छत बुटकं, दिवे मंद, वाटा चक्रव्यूहासारख्या. पुढे विनच्या रिसॉर्टांनी हा नियम मोडला. उंच छत, झुंबरं, फुलं, दिवसाचा उजेड. माणूस कोंडल्यासारखा झाला नाही तर जास्त वेळ थांबतो, हा त्यामागचा विचार. 'बेलाजिओ'च्या लॉबीत छताला हाताने घडवलेली दोन हजार काचेची फुलं आहेत आणि बाहेर साडेआठ एकरांच्या तळ्यात हजारावर फवारे नाचतात. बघायला एक पैसा पडत नाही. तळ्याच्या जागी आधी 'ड्यून्स' नावाचं कॅसिनो होतं. ते १९९३ साली सुरुंग लावून पाडलं, आणि तोही तमाशा म्हणून साजरा केला.

वास्तूबद्दलही एक किस्सा. वेगासच्या 'एमजीएम ग्रँड'चं मुख्य दार सिंहाच्या उघड्या जबड्यातून होतं. अनेक चिनी पाहुण्यांना सिंहाच्या तोंडात शिरणं अशुभ वाटे. ते बाजूच्या दाराने येत किंवा येतच नसत. १९९८ च्या सुमारास जबडा काढून टाकला.

पत्ते मोजणं गुन्हा आहे का?

पत्ते मोजणं म्हणजे ब्लॅकजॅकमध्ये कुठले पत्ते निघून गेले ते लक्षात ठेवून पैसे लावणं. नेवाडात नुसत्या डोक्याने मोजणं गुन्हा नाही, उपकरण वापरलं तर आहे. पण कॅसिनो खासगी जागा असल्याने 'तुम्ही आता इथे ब्लॅकजॅक खेळू नका' असं सांगू शकतं, आणि सांगतंही. न्यू जर्सीत मात्र १९८२ च्या न्यायालयीन निकालामुळे केवळ पत्ते मोजतो म्हणून कुणाला हाकलता येत नाही. तिथे मग गड्ड्या वाढवतात, वारंवार पिसतात.

सुरक्षा किती कडक असते?

डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा कर्मचारी, पाळी संपवून उठतो तेव्हा त्याच्या हातांकडे बघा. तो टाळी वाजवल्यासारखे तळवे एकमेकांवर घासतो, मग उलटे-सुलटे करून दाखवतो. तुमच्यासाठी नव्हे, छतातल्या कॅमेऱ्यासाठी. हातात चिप लपवलेली नाही याचा तो पुरावा. कपाळ खाजवायलाही हात टेबलावरून हलण्याआधी हे करावं लागतं. काही दिवसांत ती सवयच होते.

चिप्स पळवणं सोपं, वटवणं कठीण. डिसेंबर २०१० मध्ये एक जण हेल्मेट घालून बेलाजिओत शिरला आणि १५ लाख डॉलरच्या चिप्स घेऊन मोटारसायकलवर पसार झाला. त्यांत २५,००० डॉलरच्या चिप्स होत्या. कॅसिनोने त्या चिप्स चलनातून बाद करायचं जाहीर केलं. हा गडी त्या विकायला निघाला आणि साध्या वेशातल्या पोलिसाच्याच हाती लागला.

खरी भगदाडं दुसरीकडे असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम या कॅसिनो कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला, खोल्यांच्या चाव्या आणि स्लॉट यंत्रं अडकली, कंपनीने सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका सांगितला. आणि आग. २१ नोव्हेंबर १९८० ला वेगासच्या त्या वेळच्या एमजीएम ग्रँडमध्ये ८५ माणसं गेली, बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने. कॅसिनोच्या मजल्यावर पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. आज उंच हॉटेलांतले नियम कडक दिसतात त्यामागे ही सकाळ आहे.

काही देशांत स्थानिकांनाच प्रवेश नसतो. असं का?

कारण सरकारांनाही हाऊस एज कळतं. बाहेरच्याचा पैसा आत आला तर पर्यटन, घरच्याचा गेला तर संसार मोडतात. मोनॅकोच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळता येत नाही. मलेशियाच्या गेंटिंग हायलँड्समध्ये, म्हणजे १९७१ साली पहिलं हॉटेल उघडलेल्या डोंगरमाथ्यावरच्या संकुलात, मुस्लिमांना कॅसिनोत मनाई आहे. (याच संकुलातलं 'फर्स्ट वर्ल्ड हॉटेल' ७,३५१ खोल्यांमुळे जगातलं सर्वांत जास्त खोल्यांचं हॉटेल म्हणून नोंदलं गेलं.) दक्षिण कोरियात एकच कॅसिनो, 'कांगवॉन लँड', कोरियन नागरिकांना खुलं आहे, आणि तिथेही महिन्यात १५ दिवसांची मर्यादा.

सिंगापूरने दार बंद केलं नाही, उंबरठा उंच केला. परदेशी पाहुणा पासपोर्ट दाखवून फुकट जातो. नागरिकाला २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, २०१९ पूर्वी ते १०० होते. वर्षाचा पास ३,००० चा. आत एटीएम नाही. दिवाळखोर आणि सरकारी मदतीवर असलेल्यांना प्रवेश आपोआप बंद. पत्नी, पती, आई-वडील, मुलं किंवा भावंडं अर्ज करून घरच्या माणसाची प्रवेशबंदी मागू शकतात. शुल्काबद्दल मला एक शंका कायम वाटते: दीडशे भरून आत गेलेला माणूस 'आता तेवढे तरी वसूल करू' म्हणून जास्त वेळ बसत नसेल का?

जपानच्या कायद्यात नागरिकाला ६,००० येन शुल्क, आठवड्यात तीन आणि २८ दिवसांत दहा भेटींची मर्यादा आहे. कॅसिनोला संकुलाच्या तीन टक्के जागा.

व्यसनाचं काय? प्रवेशबंदी खरंच उपयोगी पडते?

बंदीच्या यादीत स्वतःहून नाव घालायची सोय बहुतेक ठिकाणी आहे, आणि ज्याला आपला तोल जातोय असं वाटतं त्याने हे सर्वांत आधी करावं. पण ती भिंत नाही, कुंपण आहे. २ जून २०१७ ला मनिलाच्या एका रिसॉर्टमध्ये कर्जबाजारी जुगारी बंदूक घेऊन शिरला आणि टेबलांना आग लावली. ३७ जण मेले, बहुतेक धुरात गुदमरून. त्याच्या घरच्यांनी त्याला कॅसिनोत बंदी घालायला लावली होती. कांगवॉन लँडच्या भोवती गहाणवटीची दुकानं आहेत. तिथे लोक गाड्या गहाण ठेवून परत खेळायला गेले. ही जाहिरातीत न दिसणारी बाजारपेठही रिसॉर्टचाच भाग समजावी.

गावाचं भलं होतं का?

कधी होतं. कांगवॉन लँड उभं राहिलं ते कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या भागाला काम मिळावं म्हणून. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये पीक्वाट या मूळ अमेरिकी जमातीने १९८६ साली बिंगो हॉल सुरू केला, जमातींच्या जुगाराबद्दलच्या १९८८ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९९२ मध्ये 'फॉक्सवुड्स' उघडलं, आणि काही शे माणसांची जमात अब्जावधींच्या धंद्याची मालक झाली. पुढे कर्जही तसंच मोठं झालं आणि त्याची पुनर्रचना करावी लागली.

अटलांटिक सिटीची कथा उतरत्या क्रमाने वाचावी. न्यू जर्सीने १९७६ मध्ये मतदान घेऊन परवानगी दिली, १९७८ मध्ये पहिलं कॅसिनो उघडलं आणि बराच काळ पूर्व किनाऱ्यावर स्पर्धाच नव्हती. मग शेजारच्या राज्यांनीही परवाने दिले. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडली. त्यातलं 'रेव्हेल' २.४ अब्ज डॉलर खर्चून २०१२ मध्येच उघडलं होतं. २०१५ मध्ये ते ८.२ कोटी डॉलरना विकलं गेलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या रिसॉर्टांचे मालक कोण असतात?

पाटीवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव आता बहुधा वेगळं असतं. बेलाजिओची इमारत २०१९ मध्ये ब्लॅकस्टोनला विकली गेली, एमजीएम ती भाड्याने चालवते. सीझर्स पॅलेस, एमजीएम ग्रँड आणि वेगासचं व्हेनेशियन यांच्या जागा 'विची प्रॉपर्टीज' नावाच्या कंपनीकडे आहेत. गंमत म्हणजे 'लास वेगास सँड्स' या कंपनीचं २०२२ पासून लास वेगासमध्ये एकही कॅसिनो नाही. सगळा कारभार मकाव आणि सिंगापूरला.

जिंकलेल्या पैशांवर कर लागतो?

सिंगापूर आणि मकावमध्ये हौशी खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर तिथे कर नाही. अमेरिकेत परदेशी पाहुण्याला स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर साधारणपणे ३० टक्के कापून घेतात, ब्लॅकजॅक, बॅकारा, क्रॅप्स (फाशांचा खेळ) आणि रूलेटला सूट आहे. आपल्या देशात परतल्यावर काय भरायचं ते वेगळं, ते सल्लागाराला विचारा.

नुसतं बघायला जाता येतं का?

येतं. वय बहुतेक ठिकाणी २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा, टेबलांचे फोटो काढू नका. वेगासमध्ये खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' वेगळी लागते. मे २०२५ पासून अमेरिकेत ती पहिल्यापासून किमतीत धरूनच दाखवावी लागते. तरी बुकिंगच्या शेवटच्या पानावरची बेरीज एकदा पाहाच.

पुढची मोठी रिसॉर्ट कुठे येताहेत?

ओसाकाच्या युमेशिमा बेटावर एमजीएम आणि ओरिक्स यांचा प्रकल्प, २०३० साठी. संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमा इथे 'विन रिसॉर्ट्स' कंपनीचं रिसॉर्ट, २०२७ चा बेत. थायलंडने तयारी केली होती, जुलै २०२५ मध्ये विधेयक मागे घेतलं. आणि वेळापत्रकावर फार विसंबू नका. वेगासच्या 'फाँटनब्लू'चं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये थांबलं, दरवाजे उघडले ते डिसेंबर २०२३ मध्ये.

बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही, काय करावं?

मान वर करा. मजल्याच्या पातळीवरच्या पाट्या तुम्हाला नाट्यगृह, बुफे आणि आणखी यंत्रांकडे नेतील. आपत्कालीन दाराची उजळलेली पाटी मात्र कायद्याने लावावीच लागते, ती छताजवळ असते. तीही दिसली नाही तर चाकांची बॅग ओढत जाणाऱ्या माणसाच्या मागे जा. त्याला विमान गाठायचं असतं.